अमेरिकेत फ्लॅटबेड ट्रकिंग कंपनीच्या ओरिएंटेशनला जाताना : नव्या चालकांसाठी

मोकळारस्ता (धागालेखक)

अमेरिकेत क्लास ए सीडीएल (जड ट्रक-ट्रेलर चालवण्याचा व्यावसायिक परवाना) मिळवून फ्लॅटबेडकडे, म्हणजे उघड्या सपाट ट्रेलरवरून माल नेण्याकडे, वळू पाहणाऱ्या काही मराठी मित्रांनी कंपनीच्या ओरिएंटेशनविषयी, म्हणजे रुजू होण्यापूर्वीच्या काही दिवसांच्या वर्गांविषयी आणि चाचण्यांविषयी, माझ्याकडे विचारणा केली. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर देण्याऐवजी येथेच सविस्तर लिहीत आहे, म्हणजे इतरांनाही भर घालता येईल. मी बरीच वर्षे फ्लॅटबेड चालवत आहे आणि मधला काही काळ नव्या चालकांना माल बांधायला शिकवण्याचे कामही केले आहे.

रिक्रूटर फोनवर अभिनंदन करतो, बसचे किंवा विमानाचे तिकीट पाठवतो, मोटेलमध्ये खोली घेऊन देतो आणि साहजिकच माणसाला वाटते की नोकरी लागली. प्रत्यक्षात बहुतेक कंपन्यांत ही निवड सशर्त असते. ओरिएंटेशन हा निवडीचा शेवटचा टप्पा आहे, हे मनात ठेवूनच घरातून निघावे. सोमवारी सकाळी वर्ग भरलेला असतो आणि बुधवारपर्यंत त्यातल्या काही खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात. कोणाचा रक्तदाब मर्यादेबाहेर गेलेला असतो, कोणी अर्जात जुना अपघात लिहिलेला नसतो, तर कोणाला रस्त्यावरच्या चाचणीत ट्रक मागे घेणे जमलेले नसते. अशा वेळी परतीचे तिकीट कंपनी देईलच असे नाही. म्हणून निघण्यापूर्वी रिक्रूटरला ईमेलवर तीन प्रश्न विचारावेत : या दिवसांचे पैसे मिळणार का आणि किती, खोलीत एकटे राहायचे की दुसऱ्या चालकासोबत, आणि निवड न झाल्यास परतीचा खर्च कोणाचा. उत्तर लेखीच घ्यावे, कारण फोनवरचे बोलणे टर्मिनलवरच्या (कंपनीच्या तळावरच्या) माणसावर बंधनकारक नसते.

पहिला दिवस बहुतांशी कागदपत्रांत आणि तपासण्यांत जातो. गेल्या तीन वर्षांतील सर्व नोकऱ्या आणि त्याआधीच्या सात वर्षांत व्यावसायिक वाहन चालवले असल्यास त्या नोकऱ्याही अर्जात लिहाव्या लागतात. मध्ये काही महिने काम केले नसेल, भारतात जाऊन राहिला असाल, तर तोही काळ तारखांसह लिहावा. कंपनी तुमचा परवान्याचा अहवाल मागवते, जुन्या मालकांकडे चौकशी करते आणि बहुतेक वेळा संघीय नोंदींतून गेल्या पाच वर्षांचे अपघात आणि तीन वर्षांच्या रस्त्यावरील तपासण्याही पाहते. त्यामुळे एखादा किरकोळ धक्का लपवला, तर त्या धक्क्यापेक्षा लपवण्यामुळेच नोकरी जाते.

वैद्यकीय तपासणीबाबत अनेकांचा गैरसमज असतो. तुमच्याकडे दोन वर्षांचे वैद्यकीय कार्ड असले तरी कंपनी स्वतःच्या डॉक्टरकडून पुन्हा तपासणी करून घेऊ शकते, आणि अनेक फ्लॅटबेड कंपन्या ती करतात. रक्तदाब १४०/९० च्या आत असेल तरच साधारणपणे दोन वर्षांचे प्रमाणपत्र मिळते. त्यावर गेला की मुदत कमी होते, आणि १८०/११० किंवा त्याहून अधिक असेल तर प्रमाणपत्र मिळतच नाही. रात्रभर बसने प्रवास करून, झोप न घेता, दोन कप कडक कॉफी पिऊन तपासणीला बसलेल्या माणसाचा रक्तदाब चढलेला असणारच. आपल्याकडच्या मंडळींना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही लवकर गाठतात, म्हणून आधी आपल्या डॉक्टरकडे जाऊन यावे आणि चालू औषधांची यादी त्यांच्या सहीनिशी सोबत ठेवावी. इन्सुलिन घेणाऱ्यांना पूर्वी वेगळी सवलत मागावी लागे. २०१८ च्या नियमानंतर उपचार करणाऱ्या डॉक्टरने ठरावीक अर्ज भरून दिल्यास आणि साखर आटोक्यात असल्यास प्रमाणपत्र मिळू शकते.

माल बांधण्याचा भाग हा या साऱ्याचा गाभा आहे. त्यावर प्रश्न येतील तसे लिहीन.

ओहायोवासी

धागा काढल्याबद्दल आभार. अमली पदार्थांच्या चाचणीविषयी आपल्या लोकांना लागू पडणाऱ्या काही गोष्टींची भर घालतो.

लघवीची चाचणी नोकरीपूर्वी सक्तीची आहे, आणि अनेक मोठ्या कंपन्या त्याशिवाय केसांचीही चाचणी घेतात, जिच्यात काही महिने मागचे सेवन दिसू शकते. अनेक राज्यांत गांजा कायदेशीर झाला असला तरी सीडीएल चालकाला संघीय नियम लागू होतात आणि तेथे ही सवलत नाही. होळीला मित्रांच्या घरी घेतलेली भांगेची थंडाई त्याच पदार्थात मोडते. 'प्रसाद म्हणून घेतली' हे कारण वैद्यकीय पुनरावलोकन करणारा डॉक्टर मान्य करू शकत नाही.

दुसरी गोष्ट खसखशीची. अनारसे, खसखशीची खीर, वाटणात घातलेली खसखस या सर्वांतून मॉर्फिन आणि कोडीनचा अंश लघवीत उतरू शकतो. असे निर्दोष लोक अडकू नयेत म्हणूनच संघीय चाचणीतील मर्यादा मुद्दाम वर, २,००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर इतकी ठेवलेली आहे. मात्र प्रमाण १५,००० किंवा त्याहून अधिक आले तर खाण्यातून आले हे स्पष्टीकरण ग्राह्य धरू नये, असे नियमातच लिहिले आहे. दिवाळीनंतर ओरिएंटेशन असेल तर आधीचे काही दिवस खसखस टाळणे शहाणपणाचे आहे. भारतातून आणलेल्या खोकल्याच्या औषधांत कोडीन आहे का, तेही बाटलीवर वाचून पाहावे.

जानेवारी २०२० पासून क्लिअरिंगहाउस नावाची राष्ट्रीय नोंदवही सुरू आहे. चाचणी सकारात्मक आली किंवा सुरू झालेली चाचणी मध्येच सोडून निघून गेलात, तर त्याची नोंद तेथे होते आणि पुढची प्रत्येक कंपनी ती पाहते. १८ नोव्हेंबर २०२४ पासून अशा चालकाचा व्यावसायिक परवाना काढून घेऊन राज्याने त्याला साध्या परवान्यावर आणायचे आहे. समुपदेशन, उपचार आणि पुनर्चाचणी यांतून गेल्याखेरीज परतीची वाट नाही.

वर्षा_टेक्सास

मोकळारस्ता दादा, मी ड्राय व्हॅनवर (बंद पेटीच्या ट्रेलरवर) काम केले आहे आणि फ्लॅटबेडमध्ये यायची मनापासून इच्छा आहे. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. शारीरिक चाचणी नेमकी कशी असते आणि ताडपत्र्या खरोखर किती जड असतात, हे स्पष्ट सांगावे. रिक्रूटर 'तुम्हाला सहज जमेल' एवढेच म्हणतात आणि त्यावर माझा विश्वास बसत नाही.

मोकळारस्ता (धागालेखक)

वर्षाताई, विश्वास बसत नाही हे योग्यच आहे. सहज जमत नाही, पण तुमच्या उंचीच्या अनेक स्त्रिया हे काम उत्तम करतात आणि त्या कशा करतात हे मी जवळून पाहिले आहे.

चाचणीचे स्वरूप कंपनीनुसार बदलते. साधारणपणे वजन जमिनीवरून कमरेपर्यंत आणि तेथून खांद्यापर्यंत उचलायला लावतात, खेचणे आणि ढकलणे तपासतात, ट्रेलरवर शिडीशिवाय चढून उतरायला सांगतात, गुडघ्यांवर बसून वाकून ट्रेलरखाली पाहायला लावतात आणि मध्येच नाडी मोजतात. नाडी ठरावीक मर्यादेवर गेली तर थांबवतात. घाईने सारे उरकणारे धडधाकट तरुण येथे अडखळतात आणि संथपणे, श्वास सांभाळून करणारे पन्नाशीचे गृहस्थ पार पडतात.

लाकडाच्या मालावर घालायच्या ताडपत्रीच्या बाजू आठ फूट खाली येतात आणि तिची एक घडी सुमारे १०० पौंड, म्हणजे ४५ किलो भरते. पोलादाच्या मालाची ताडपत्री चार फूट बाजूंची आणि बरीच हलकी असते. ट्रेलरचा तळ जमिनीपासून साधारण पाच फुटांवर असतो. ताडपत्री तेवढ्या उंचीवर आणि तेथून मालाच्या माथ्यावर न्यायची असते. बहुतेक गोदामांत फोर्कलिफ्टवाला विनंती केल्यास ती वर ठेवून देतो, आणि विनंती करण्यात कसलाही कमीपणा नाही. जेथे कोणी मदतीला नसते तेथे घडी पूर्ण न उचलता तिचे एक टोक आधी वर टाकून मग उरलेले खेचून घेतात. ओरिएंटेशनमध्ये हे दाखवत नसतील तर आवर्जून दाखवायला सांगा.

ताडपत्री घालण्याचा क्रमही लक्षात घ्या. मागची आधी घालायची आणि पुढची नंतर, जेणेकरून पुढचीची कड मागचीवर येते आणि धावताना वारा फटीत शिरत नाही. उलट घातली तर काही मैलांतच ती फुग्यासारखी फुगते आणि रबरी बंजी (ताडपत्री अडकवायच्या हुकांच्या दोऱ्या) तुटू लागतात. वारा असेल तेव्हा वाऱ्याच्या बाजूने सुरुवात करून ती कड आधी अडकवायची. जोराच्या वाऱ्यात मालाच्या माथ्यावर उभे राहून ताडपत्री हातात धरणे हा या धंद्यातला सर्वांत मोठा धोका आहे, कारण ती शिडासारखी माणसाला उचलून खाली फेकते. बहुतेक राज्यांत मालासह उंचीची मर्यादा साडेतेरा फूट आहे, म्हणजे पडणारा माणूस दुमजली घराच्या छपराएवढ्या नव्हे, तरी जीव जाईल एवढ्या उंचीवरून नक्की पडतो. काही शिपर (माल पाठवणाऱ्या कंपन्या) हार्नेस (पडू न देणारा सुरक्षापट्टा) बांधल्याशिवाय वर चढूच देत नाहीत आणि ते बरोबर करतात. तुमच्या टर्मिनलवर हार्नेस कसा घालायचा हे शिकवत असतील तर तो तास डोळ्यांत तेल घालून ऐका.

कळंबोलीकर

मी नवी मुंबईतच आहे. आमच्या घरचा व्यवसाय कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पोलाद वाहून नेण्याचा असल्याने हा धागा रस घेऊन वाचत आहे. आमच्याकडे कॉइलला (पोलादी पत्र्याच्या जड गुंडाळीला) किती साखळ्या लावायच्या हे अनुभवी चालक आणि क्लीनर नजरेने ठरवतात. माझा चुलतभाऊ आता अमेरिकेत सीडीएलचे शिक्षण घेत आहे आणि तो म्हणतो की तेथे याचे गणितच मांडावे लागते. ते गणित कसे असते, हे उदाहरणासह सांगता येईल का?

मोकळारस्ता (धागालेखक)

अवश्य. हा भाग मी सर्वांत काळजीपूर्वक लिहिणार आहे, कारण ओरिएंटेशनच्या लेखी परीक्षेत प्रश्न यावरच येतात आणि पुढे रस्त्यावर तपासणी अधिकारी यावरच बोट ठेवतो. माल शिपरच्या माणसांनी चढवला असला तरी तो नीट बांधलेला आहे याची जबाबदारी चालकाची असते.

मूळ अपेक्षा अशी आहे की बांधणीने पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ०.८ पट, मागे आणि दोन्ही बाजूंना ०.५ पट जोर सहन केला पाहिजे. पुढचा आकडा मोठा आहे, कारण जोराने ब्रेक लावल्यावर माल चालकाच्या केबिनकडे झेपावतो. प्रत्येक वेळी हे भौतिकशास्त्र सोडवत बसायला नको म्हणून नियमाने दोन सोप्या कसोट्या दिल्या आहेत, आणि दोन्हींपैकी जी जास्त बांधण्या मागेल ती पाळायची.

पहिली कसोटी वजनाची. प्रत्येक पट्ट्याला आणि साखळीला कामाच्या भाराची, म्हणजे सुरक्षितपणे पेलता येणाऱ्या भाराची, मर्यादा असते. चार इंची पट्ट्यावर साधारणपणे ५,४०० पौंड छापलेले असतात, आणि तीन अष्टमांश इंचाच्या ग्रेड ७० साखळीची मर्यादा ६,६०० पौंड असते. सर्व बांधण्यांची बेरीज मालाच्या वजनाच्या किमान निम्मी झाली पाहिजे. बांधणी एका बाजूने निघून मालावरून दुसऱ्या बाजूला गेली तर तिची पूर्ण मर्यादा धरतात. ट्रेलरवरून थेट मालाच्या कडीला जोडली तर निम्मीच धरतात.

दुसरी कसोटी लांबीची. पुढे माल अडवणारी भिंत किंवा दुसरा माल नसेल तर पहिल्या दहा फुटांना दोन बांधण्या आणि त्यापुढील प्रत्येक दहा फुटांना, किंवा त्याच्या अंशालाही, एक. पाच फुटांपर्यंतचा आणि १,१०० पौंडांपर्यंतचा लहान माल असेल तर एक बांधणी पुरते.

आता एक यंत्र घेऊ. लांबी २२ फूट, वजन ३०,००० पौंड, पुढे काही अडवलेले नाही. वजनाने १५,००० पौंड लागतात, म्हणजे ५,४०० चे तीन पट्टे पुरतात. लांबीने मात्र पहिल्या दहा फुटांना दोन आणि उरलेल्या १२ फुटांना आणखी दोन, असे चार लागतात. तीन लावून निघालेला चालक तपासणीत अडकतो. पोलादी कॉइलचे याच्या उलट होते. ४५,००० पौंडांची एकच कॉइल लांबीने पाच फुटांच्या आतली असते, म्हणून त्या कसोटीने दोनच बांधण्या लागतात, पण वजनाने २२,५०० पौंड हवेत. ६,६०० च्या तीन साखळ्यांनी १९,८०० च होतात, म्हणून चौथी लागते. शिवाय ५,००० पौंडांवरील कॉइलसाठी स्वतंत्र कलम आहे. कॉइलचे भोक आकाशाकडे आहे, बाजूला आहे की रस्त्याच्या दिशेने आहे, यावर साखळ्या कशा ओवायच्या आणि खाली लाकडाचे ठोकळे कसे बसवायचे हे ठरते. अनेक कंपन्या नियमापेक्षा एक-दोन साखळ्या जास्तच मागतात, आणि परीक्षेत कंपनीचे उत्तर लिहायचे असते, हे विसरू नये.

एक बारकावा सहसा वर्गात पटकन उरकला जातो. पट्ट्यावर शिवलेली मर्यादेची चिठ्ठी फाटून गेली असेल तर तो चार इंची पट्टा ५,४०० चा न धरता ४,००० चा धरला जातो. टर्मिनलवर तुम्हाला जुने सामान दिले तर सही करण्यापूर्वी प्रत्येक पट्टा उलगडून पाहा. कडेला चिरलेला, गाठ मारलेला, चिठ्ठी नसलेला पट्टा तेथेच परत करून बदलून घ्या, कारण बाहेर पडल्यावर तो तुमचा झाला.

विंच (पट्टा गुंडाळून ताणणारे चाक) फिरवायच्या दांड्याविषयी, म्हणजे विंच बारविषयीही येथेच सांगतो. पट्टा ताणताना बार निसटला तर तो सरळ जबड्यावर किंवा दातांवर येतो. म्हणून चेहरा बारच्या रेषेत कधीही ठेवायचा नाही, बार विंचच्या भोकात पूर्ण शिरला आहे हे आधी पाहायचे, आणि सारे वजन टाकून लोंबकळण्याऐवजी पाय रोवून दाब द्यायचा. बाइंडरच्या, म्हणजे साखळी ताणून धरणाऱ्या साधनाच्या बाबतीत, कंपनी निवड देत असेल तर झटक्याने बंद होणाऱ्या लिव्हरच्या बाइंडरपेक्षा रॅचेटचा (दात्यांनी हळूहळू ताणणारा) घ्यावा. लिव्हर सोडताना साखळीतला सारा ताण एकदम दांड्यात येतो आणि मनगट मोडते.

दक्षिणवारा

सही करायच्या कागदांविषयी कोणीतरी लिहायला हवे, म्हणून मी लिहितो. मी ज्या कंपनीत पहिल्यांदा गेलो तेथे दुपारच्या जेवणापूर्वी जाडजूड गठ्ठा हातात दिला आणि 'खुणा केलेल्या जागी सह्या करा' असे सांगितले. वाचायला वेळ मागणारा मी एकटाच होतो आणि त्याबद्दल नाराजीही दिसली. तरीही मी वाचले, आणि प्रत्येकाने वाचावे असे माझे ठाम मत आहे.

त्या गठ्ठ्यात प्रशिक्षणाच्या खर्चाचा करार असतो : अमुक महिन्यांपूर्वी सोडलात तर इतके डॉलर परत करा. पगारातून काय काय कापता येईल याची संमती असते. ताडपत्र्या, साखळ्या हरवल्यास भरपाई कोणाची हे लिहिलेले असते. आणि वाद झाल्यास न्यायालयात न जाता लवादाकडे जाण्याचे कलम असते. याच कलमावरून न्यू प्राइम विरुद्ध ऑलिव्हेरा हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की आंतरराज्य वाहतुकीतील कामगारांना संघीय लवाद कायद्यातून असलेली सूट स्वतंत्र कंत्राटदार म्हणून नेमलेल्या चालकांनाही लागू होते. तरी राज्यांच्या कायद्यांखाली अशी कलमे टिकू शकतात, त्यामुळे 'आता ते कलम कुचकामी आहे' असे समजून सही करू नये.

याहून कळकळीने सांगायचे ते लीज-पर्चेसविषयी, म्हणजे कंपनीकडून ट्रक हप्त्यांवर घेऊन शेवटी त्याचे मालक होण्याच्या योजनेविषयी. काही ठिकाणी ओरिएंटेशनच्याच आठवड्यात एक गृहस्थ येऊन 'पहिल्या दिवसापासून स्वतःच्या ट्रकचे मालक व्हा' असे सांगतात. ट्रकचा आठवड्याचा हप्ता, डिझेल, टायर, दुरुस्ती, विमा हे सारे चालकाच्या हिशेबातून जाते, आणि कोणता माल मिळणार हे मात्र कंपनीच ठरवते. माल कमी मिळाला की हप्ता थकतो, आणि हप्ता थकला की ट्रकही जातो. या प्रकारांचा अभ्यास करण्यासाठी संघीय सरकारने नेमलेल्या कार्यगटाने जानेवारी २०२५ मध्ये अशा योजनांवर बंदी घालावी अशी शिफारस केली होती, यावरून काय ते समजावे. ज्याने अजून एकदाही कॉइल बांधलेली नाही, त्याने ट्रक लीजवर घेऊ नये.

ओहायोवासी

दक्षिणवारा यांच्या लीजविषयीच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. प्रशिक्षणाच्या कराराबाबत मात्र थोडे वेगळे मत नोंदवतो. ज्याच्याकडे सीडीएल शाळेची फी भरायला पैसे नाहीत, त्याच्यासाठी वर्षभराच्या बांधिलकीच्या बदल्यात मिळणारे शिक्षण ही मोठी संधी असू शकते. फेब्रुवारी २०२२ पासून नोंदणीकृत संस्थेत प्रवेशपातळीचे प्रशिक्षण घेतल्याशिवाय क्लास ए ची कौशल्य चाचणी देताच येत नाही, त्यामुळे हा खर्च टळत नाही. पाहायचे ते एवढेच की लिहिलेली रक्कम खऱ्या खर्चाशी जुळते का, प्रत्येक महिन्यागणिक ती कमी होते की अकराव्या महिन्यातही पूर्णच भरावी लागते, आणि कंपनीनेच काढून टाकले तरी ती लागू होते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल तर मीही सही करणार नाही.

नवाचालक_न्यूजर्सी

मला इंग्रजीची धास्ती वाटते. वाचता येते, पण बोलताना अडखळतो. ओरिएंटेशनमध्ये याची परीक्षा असते का? आणि माझ्या एका मित्राकडे ग्रीन कार्ड नसून फक्त कामाची परवानगी आहे, त्याने प्रयत्न करावा का?

दक्षिणवारा

इंग्रजीचा नियम जुनाच आहे : लोकांशी संवाद साधता यावा, महामार्गावरील पाट्या समजाव्यात, अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरे देता यावीत आणि नोंदी लिहिता याव्यात. मधली काही वर्षे त्याची अंमलबजावणी सैल होती. २५ जून २०२५ पासून रस्त्यावरच्या तपासणीत यात कमी पडणाऱ्या चालकाला तेथेच थांबवले जाते, म्हणून कंपन्याही आता ओरिएंटेशनमध्ये प्रश्न विचारून पाहतात. उच्चार अमेरिकी असण्याची गरज नाही. कोठून आलात, कोठे चाललात, काय माल आहे, शेवटची विश्रांती कधी घेतली, अशा प्रश्नांची उत्तरे पूर्ण वाक्यांत मोठ्याने म्हणण्याचा सराव घरात रोज करा. फ्लॅटबेडवाल्याला वरच्यावर थांबवतात, कारण त्याचा माल आणि बांधणी उघडी दिसते. त्यामुळे पट्टा, साखळी, बाइंडर, ठोकळे, कडांचे संरक्षक यांची तेथील नावे तोंडात बसली पाहिजेत.

मित्राबाबत : कायमस्वरूपी रहिवाशांना नेहमीचा परवाना मिळतो. तात्पुरत्या परवानगीवर राहणाऱ्यांच्या परवान्याचे नियम सप्टेंबर २०२५ मध्ये संघीय खात्याने एकदम कडक केले आणि प्रकरण न्यायालयात गेले. राज्याच्या परवाना कार्यालयाकडून आजची स्थिती लेखी मिळवल्याशिवाय त्याने शाळेची फी भरू नये. कागदपत्रांविषयी आणखी एक : आय-९ (काम करण्याचा हक्क पडताळणारा) अर्जासाठी मान्य यादीतील कोणती कागदपत्रे दाखवायची ही निवड कर्मचाऱ्याची असते, अमुकच कार्ड आणा असा आग्रह कंपनी धरू शकत नाही.

वर्षा_टेक्सास

सविस्तर उत्तरांसाठी मनापासून आभार. ओरिएंटेशननंतर प्रशिक्षकासोबत काही आठवडे एकाच ट्रकमध्ये राहावे लागते, त्याविषयी स्त्रियांनी काय विचारावे?

मोकळारस्ता (धागालेखक)

महिला प्रशिक्षकच मिळेल असे गृहीत धरू नका. स्त्रियांना फक्त महिला प्रशिक्षकांकडेच पाठवायचे आणि तोवर थांबवून ठेवायचे, हे एका मोठ्या कंपनीचे धोरण २०१४ मध्ये मिसूरीतील संघीय न्यायालयाने भेदभाव ठरवले, कारण पुरुष लगेच कमावू लागत आणि स्त्रिया महिनोन्‌महिने ताटकळत. त्यामुळे विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. रात्री मोटेलची वेगळी खोली देता का, की ट्रकमध्येच झोपायचे? प्रशिक्षकाची पार्श्वभूमी तपासलेली आहे का? तक्रार असल्यास रात्री दोन वाजता फोन उचलणारी व्यक्ती कोण, आणि ट्रक सोडून निघावे लागले तर घरी पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते का? यांची उत्तरे देताना जो रिक्रूटर चाचरतो त्याची कंपनी सोडून द्यावी. काही फ्लॅटबेड कंपन्या प्रशिक्षणाच्या काळात मोटेलच्या खोल्या देतात, तेव्हा शोध घेतल्यास पर्याय मिळतो.

कळंबोलीकर

एक शेवटची शंका. माल निघाल्यावर पुन्हा तपासावा लागतो असे भावाने सांगितले. वर ताडपत्री घातलेली असताना आतल्या साखळ्या कशा तपासतात?

मोकळारस्ता (धागालेखक)

पहिल्या ५० मैलांच्या आत एकदा, आणि त्यानंतर १५० मैल, तीन तास किंवा कामाच्या स्थितीतील बदल (जसे चालवणे थांबवून विश्रांती घेणे), यांपैकी जे आधी येईल तेव्हा तपासणी करावी लागते. पहिल्या ५० मैलांची तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण माल हादऱ्यांनी बसतो, ठोकळे दबतात आणि घट्ट वाटलेली साखळी सैल होते.

पट्ट्यांच्या विंच ट्रेलरच्या कडेखाली असतात, त्यामुळे ताडपत्री असली तरी बाहेरून पट्ट्यावर हात मारून पाहता येते. ताणलेला पट्टा टणक लागतो आणि स्वच्छ आवाज देतो, सैल पट्टा लटपटतो. साखळ्यांचे बाइंडर मात्र ताडपत्रीच्या आत राहतात. म्हणून ताडपत्री अडकवतानाच बाइंडर कोठे आहेत हे ध्यानात ठेवायचे आणि तेवढ्या जागच्या दोन-तीन बंजी सहज निघतील अशा लावायच्या. थांबल्यावर त्या काढून कड उचलायची, टॉर्चच्या उजेडात साखळी पाहायची, रॅचेटला एक-दोन झटके द्यायचे, दांडा उघडणार नाही असा बांधला आहे ना हे पाहायचे आणि पुन्हा बंजी लावायच्या. बंजी काढताना चेहरा बाजूला ठेवायचा आणि ती शरीरापासून दूर खेचून सोडवायची, कारण हुक निसटून डोळ्याला लागल्याची उदाहरणे आहेत. भावाला सुरक्षा चष्मा घ्यायला सांगा. पावसात, अंधारात हे करावेसे वाटत नाही, पण कॉइल असेल तर मी प्रत्येक थांब्यावर हे करतो आणि माझ्याकडे शिकलेल्या प्रत्येकाकडून ते करवून घेतले आहे.